मास्तरांचा कॉम्प्युटर झोपतो तेव्हा

"वर धरा! सगळ्यांनी मोबाईल वर धरा! मास्तर निघाले बघा!"

तरंगनाथ महाराजांनी आरोळी ठोकली आणि अंगणातले साठ-सत्तर हात वर गेले. प्रत्येक हातात मोबाईल. म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, दिंडोरीच्या द्राक्षबागांतून चार दिवस घरी आलेले मजूर, सगळे श्वास रोखून उभे. दारातून आतली खोली दिसत होती. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. त्याच्या डोक्यावर झेंडूचा हार, कडेला कुंकवाचं बोट, पुढ्यात समई. शेजारी खुर्चीवर एक साठीची बाई, हात मांडीवर ठेवून पडद्याकडे एकटक बघत बसलेली.

पडदा काळा झाला.

"गेलं! नेट गेलं!" अंगणातून एकच कालवा उठला. बायांनी हात जोडले.

"मोतीराममास्तर वायुरूपाने फिरायला गेलेत," महाराज डोळे मिटून म्हणाले. "आत्मा म्हणजे काय? सिग्नल! देह म्हणजे काय? टॉवर! टॉवर पडला म्हणून सिग्नल मरतो का?"

"नाय महाराज!"

"मग बोलवा त्यांना. सुलामाई, हात लावा."

त्या बाईने चाचपडत हात पुढे केला. बोटांना कीबोर्ड सापडायला वेळ लागला. तिने एक कळ दाबली. पडदा उजळला, आणि मिनिटाभरात अंगणातले मोबाईल टुणटुण वाजायला लागले. महाराजांचा जयजयकार झाला.

मी पायरीवर बसून हे सगळं पाहत होतो. मला दोनच गोष्टी दिसल्या. आरोळी ठोकण्याआधी महाराजांनी मनगटावरच्या घड्याळात दोनदा पाहिलं. त्रिकाळ जाणणाऱ्या माणसाला घड्याळ कशाला लागतं, हा माझा पहिला प्रश्न. दुसरी गोष्ट टेबलाखाली होती. तिथे टेलिफोनच्या वायरीचा मोडेम पडला होता. त्याच्यावर चार दिव्यांच्या जागा. साऱ्या अंगणात नेट नाचत होतं, आणि 'इंटरनेट' लिहिलेला चौथा दिवा मात्र विझलेला होता.

तो दिवा का विझलेला ते मला लगेच कळलं. कारण तो मोडेम मी बसवला होता.

माझं नाव धनराज. गाव नांदगाव, पण नोकरी सगळी टेलिफोन खात्यात, शेवटची अकरा वर्षं हरसूलच्या एक्स्चेंजमध्ये. आता निवृत्त आहे, नाशिकला दोन खोल्यांत एकटा राहतो. बायको जाऊन चार वर्षं झाली. माझा फोन वाजतो तो बहुधा कर्ज घ्या म्हणून सांगायला. त्यामुळे त्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात एक अनोळखी मुलगी "धनराजकाका का?" म्हणाली तेव्हा मी उठून बसलो.

ती हर्षाली. मोतीराममास्तरांची मुलगी, नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स आहे. वडिलांच्या डायरीत तिला माझा नंबर सापडला होता: 'नेटवाले धनराजभाऊ.'

"काका, माझ्या आईला काचबिंदू आहे," ती म्हणाली. "औषधाने डोळ्यांतला दाब उतरत नाही. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर करा, जी नजर गेली ती परत येणार नाही, उरलेली तरी वाचेल. दोन तारखा घेतल्या. दोन्ही वेळा ती आलीच नाही. तिसरी पुढच्या शुक्रवारी आहे."

"का येत नाही?"

"कॉम्प्युटरला सोडून येत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तिने सगळं सांगितलं.

बोरओहळ हे हरसूलच्या पुढे डोंगरात. मोबाईलची रेंज टेकडीवरच्या आंब्याखाली येते, तीही आली तर. नेट म्हणाल तर फक्त मास्तरांच्या घरात, टेलिफोनच्या वायरीवरून. मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर गावाचे फॉर्म भरून द्यायचे. शिष्यवृत्ती, सातबारा, जातीचा दाखला. ओटीवर त्यांनी वायफायचा एक डबा टांगला होता आणि अंगण साऱ्या गावाला मोकळं होतं. कामाला बाहेर गेलेल्या नवऱ्यांशी बाया याच अंगणातून व्हिडिओवर बोलायच्या.

आठ महिन्यांपूर्वी मास्तर झोपेतच गेले. कुणीतरी कॉम्प्युटर बंद केला आणि गावाचं नेट गेलं. तेराव्याच्या दिवशी सुलाबाईंनी नवऱ्याचं टेबल पुसायला घेतलं, बटण दाबलं गेलं, कॉम्प्युटर सुरू झाला आणि बाहेर जेवणाच्या पंगतीत सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. "मास्तर आले," कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी ते नुसतं हळहळून म्हटलेलं वाक्य होतं. पण पंधरा दिवसांत त्या वाक्याचा वास काढत तरंगनाथ महाराज येऊन दाखल झाले आणि त्यांनी त्याचं देऊळ केलं.

नियम महाराजांचे. कॉम्प्युटर अखंड चालू ठेवायचा. अर्ध्या तासाने मास्तरांना डुलकी लागते, म्हणून त्याच्या आत त्यांना हात लावायचा. हात पत्नीचाच हवा. फक्त गुरुवारी, महाराजांसमोर, त्यांना जाऊ द्यायचं आणि परत बोलवायचं. आणि तिने गावाची शीव ओलांडली तर मास्तर कायमचे जातील.

आठ महिने ती बाई दर अर्ध्या तासाने एक कळ दाबत होती. पहाटेपासून निजेपर्यंत. डोळ्यांसमोरचं जग कडांनी आत आत मिटत चाललं होतं आणि ती त्या पडद्यासमोर बसून होती.

म्हणून त्या गुरुवारी मी हर्षालीबरोबर बोरओहळला आलो होतो. जयजयकार ओसरल्यावर मी पायरीवरून उठलो आणि आत गेलो.

"महाराज," मी म्हणालो, "मास्तरांना अजून एकदा फिरायला पाठवता का? आत्ता, पाच मिनिटांत?"

महाराजांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आत्म्याला आज्ञा करता येत नाही, बाळ." मी त्रेसष्ट वर्षांचा आहे.

"बरं. मग मी विनंती करून बघतो."

मी कॉम्प्युटरपाशी वाकलो. झोपेची वेळ कुठे असते ते मला ठाऊक होतं. तिथे तीस मिनिटं होती, ती दोन केली आणि बाजूला झालो. "मोबाईल धरा रे वर," मी अंगणाला सांगितलं. "मास्तर निघालेत."

लोक हसले. दोन मिनिटांनी पडदा काळा झाला आणि हसू थांबलं.

"गेलं!" मंगलाबाई ओरडली. तिचा नवरा द्राक्षबागेत कामाला होता, आणि तो कधी सुटेल त्या वेळी फोन करायचा, म्हणून ती मोबाईल पदरात बांधून याच अंगणात घुटमळायची.

"वहिनी, हात लावा," मी म्हणालो. सुलाबाईंनी कळ दाबली. नेट आलं. दोन मिनिटांनी पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी कळ मी दाबली, पत्नीच्या हाताविनाच. तरी आलं.

"अरं, मास्तरांना एवढी झोप कशी काय?" मागून एक मजूर म्हणाला आणि अंगणात खसखस पिकली.

"झोप मास्तरांना नाही, मशीनला आहे," मी म्हणालो. "कुणी हात लावला नाही की वीज वाचवायला ते झोपतं. किती वेळाने झोपायचं ते आपण ठरवायचं. महाराजांना ती वेळ माहीत आहे, म्हणून तर घड्याळ बांधलंय."

महाराज लाल झाले, पण माणूस मुरलेला होता. चोर तो चोर वर शिरजोर. "यंत्राशी खेळ करतोस? मास्तरांना छळतोस?" ते गर्जले. "एवढा शहाणा असशील तर हा कॉम्प्युटर बंद कर आणि नेट आणून दाखव! आठ महिन्यांत जेव्हा जेव्हा बंद पडला, तेव्हा तेव्हा नेट गेलं. साऱ्या गावाने पाहिलंय!"

"खरं हाय," दोघं-तिघं पुटपुटले. आणि ते खरंच होतं. महाराजांचं पाहणं बरोबर होतं, अर्थ खोटा होता. खोट्याला असा खरा आधार मिळाला की ते फार दिवस टिकतं.

"दाखवतो," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

"नाय!"

सुलाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी कॉम्प्युटरवर पसरले. "भाऊ, तुम्ही कोण ते मला दिसत नाय नीट. पण बंद नका करू. लय उपकार होतील. गेले न् परत नाय आले तर?"

"आई, उद्या तारीख आहे गं," हर्षाली दारातून म्हणाली. "तुला मी दिसते का इथून? सांग ना, मी कुठल्या बाजूला उभी आहे?"

सुलाबाईंनी मान वळवली, भलत्याच बाजूला.

माझ्याजवळ पुराव्यांची काही कमी नव्हती. पण त्या बाईला पुरावा नको होता, नवरा हवा होता. मला एकच गोष्ट बोलता येण्यासारखी होती, आणि ती माझी अब्रू घालवणारी होती.

"वहिनी, मी धनराज. हरसूलच्या एक्स्चेंजचा. हे मशीन मीच बसवलं."

त्या थबकल्या. "नेटवाले भाऊ?"

"हो. आणि अर्धवट बसवलं. ऐका. या मोडेमला दोन तऱ्हांनी लावता येतं. पहिली तऱ्हा साकवासारखी. साकव नुसता ओढ्यावर पडून असतो, कुणाला हाक मारत नाही. पलीकडे हाक मारायचं काम कॉम्प्युटरला करावं लागतं. नंबर लावायचा त्याने, पासवर्ड सांगायचा त्याने, आणि वायफायच्या डब्याला नेट पुरवायचं तेही त्यानेच. तो झोपला की सगळं गाव अलीकडच्या काठाला. दुसरी तऱ्हा एसटीच्या कंडक्टरसारखी. मोडेम स्वतःच हाक मारतो, आणि घरातल्या ज्याला जिथे जायचंय तिथे पोचवतो. मग कॉम्प्युटर चालू असो, बंद असो, विकून टाका, काही फरक पडत नाही."

"मग तसं का नाय केलं?" मंगलाबाईने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"साडेचारची शेवटची एसटी होती," मी म्हणालो. "पहिली तऱ्हा पाच मिनिटांची, दुसरीला अर्धा तास लागला असता. खात्यात आम्ही सगळे तेच करायचो, साकव टाकायचा आणि निघायचं. मास्तरांनी विचारलं होतं, 'भाऊ, हे सारखं चालू ठेवावं लागेल का?' मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात येऊन बदलून देतो. सहा वर्षं झाली. मी आलो नाही."

सुलाबाईंचे हात अजून कॉम्प्युटरवरच होते, पण आता ते नुसते टेकलेले होते.

"तुमची वाट बघायचे ते," त्या हळू म्हणाल्या. "गुरुवारी तुमची फेरी इकडं असायची ना. चहाला दूध राखून ठेव म्हणायचे. नाय आलात की मग चिडायचे. हे मढं रातदिस घुरघुरत ठेवावं लागतं, झोप लागू देत नाय, असं म्हणायचे." मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना हे चालू ठेवणं आवडायचंच नाय कधी."

"वहिनी..."

"मग ते याच्यात कशाला येऊन बसतील?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. महाराजांनाही नाही. आठ महिन्यांत तो कुणालाच सुचला नव्हता. त्या बाईला सुचला, कारण मास्तर नावाचा खरा, चिडका, झोपमोड झालेला माणूस फक्त तिला माहीत होता.

"करा भाऊ," त्या म्हणाल्या. "शेवटचं बटण मी दाबते."

मी झोपेची वेळ काढून टाकली आणि त्याच कॉम्प्युटरवरून मोडेमचं पान उघडलं. साकवाच्या जागी दुसरी तऱ्हा निवडली. मग त्या पानाने नाव आणि पासवर्ड मागितला. नाव म्हणजे त्यांचा टेलिफोन नंबर, तो भिंतीवर खडूने लिहिलेलाच होता. पासवर्डपाशी मी थांबलो.

"काय झालं?" सुलाबाई खुर्ची जवळ ओढत म्हणाल्या.

"पासवर्ड लागतो. मास्तरांनी नंतर बदलला असेल तर..."

"काय असेल?" त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "त्यांनी काय लिहून ठेवलं असेल?"

मी खात्याने सगळ्यांना दिलेला पहिला पासवर्ड टाकून पाहिला. तोच, जो मी शे-दोनशे घरांत टाकला असेल. मोडेमने तो निमूट घेतला.

"काय होतं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. तुमचं नाव होतं म्हणालो असतो तर ती बाई त्या एका शब्दावर दहा वर्षं जगली असती. पण मग माझ्यात आणि त्या भगव्या माणसात फरक तो काय राहिला?

"त्यांनी काही लिहिलं नव्हतं, वहिनी. मीच दिलेला होता. त्यांनी बदललाच नाही."

"असं," त्या म्हणाल्या. उजेड गेला.

ओटीवरच्या वायफायच्या डब्याची वायर मी कॉम्प्युटरच्या पाठीमागून काढली आणि सगळ्यांना दाखवून मोडेमला लावली. मग सुलाबाईंचा हात धरून बटणावर ठेवला. त्यांनी ते दाबून धरलं. आतला पंखा घरघर करत मंदावला आणि थांबला. त्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

अंगणातल्या मोबाईलवरचं नेट गेलं. एक मिनिट. दीड मिनिट. महाराज मोठ्याने श्वास घेत म्हणाले, "गेले. घालवलेत तुम्ही त्यांना." सुलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मी फक्त टेबलाखाली बघत होतो. मोडेमचा चौथा दिवा एकदा लुकलुकला, विझला, आणि मग हिरवा होऊन थांबला. जन्मात पहिल्यांदा.

अंगणात मंगलाबाईचा मोबाईल वाजला. "आलं! अगं बाई, आमच्या यांचाच फोन! हॅलो, दिसतेय का मी?" तिच्यामागे एकेक करून सगळे मोबाईल वाजू लागले. कॉम्प्युटर काळा ठिक्कर पडला होता आणि नेट आधीपेक्षा जोरात होतं. माणसं ओटी सोडून अंगणात पांगली, ज्याला त्याला आपापली हाक आली होती. महाराजांना त्या गडबडीत कुठला तरी उपवास आठवला. ते पूजेचा नारळ घेऊन निघाले. आठ महिन्यांत कुणी त्यांना निरोप द्यायला उठलं नाही असा तो पहिला गुरुवार.

पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. हर्षाली आईचे कपडे भरायला आत गेली. राहिलो मी, सुलाबाई आणि हार घातलेला बंद कॉम्प्युटर. त्यांनी हार काढून हातात घेतला. नंतर, सवयीने, बोट कीबोर्डकडे गेलं आणि मध्येच थांबलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आता दर अर्ध्या तासानं मी काय करू?"

माझ्या घरात सकाळपासून टीव्ही चालू असतो. मी बघत नाही. नुसता चालू असतो. बंद केला की कळतं घरात कोणी नाही ते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं. त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघं गाडी येईपर्यंत तिथे बसून राहिलो.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. गेलेली नजर आली नाही, ती येत नसते. उरलेली वाचली. समोरून आलेलं माणूस त्यांना ओळखू येतं, बाजूने आलेलं नाही. दोन महिने आधी झालं असतं तर आणखी बरीच वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे दोन महिने महाराजांच्या नावावर आहेत, आणि थोडे माझ्याही.

आता सरळ सांगतो. तुमच्या गावात कुणी दिवा विझवून दाखवला, पाणी पेटवून दाखवलं, मेलेल्याला यंत्रात बोलावलं, तर हात जोडायच्या आधी विचारा: हे पुन्हा होईल का? माझ्या हाताने होईल का? घड्याळाशिवाय होईल का? वायर कुठून कुठे जाते ते वाकून बघा. विचारायला लाज नाही आणि पापही नाही. पण एवढ्याने भागत नाही, हे मी बोरओहळला शिकलो. त्या अंगणात आठ महिने साठ-सत्तर माणसं जमत होती आणि त्यांतलं एकही त्या बाईशेजारी अर्धा तास बसत नव्हतं. ती खुर्ची रिकामी होती, म्हणून तिच्यावर महाराज येऊन बसले. शेजारच्या घरात कोणी एकटं असेल तर आधी तुम्ही जाऊन बसा.

मी दर गुरुवारी हरसूलची एसटी धरतो आणि पुढे बोरओहळला जातो. मोडेमचा चौथा दिवा बघतो. तो हिरवाच असतो, लाईनीत काही बिघाड नसतो. सुलाबाईंना हे माहीत आहे. त्या चहाला दूध राखून ठेवतात.